वन्संचं खारं पाणी

फोन आला तेव्हा मी विट्याला माहेरी होते, भावाच्या नातवाच्या बारशाला. दुपारची पंगत बसली होती. आमच्या ह्यांचा आवाज अगदी सपाट होता. "ताई गेली," एवढंच म्हणाले. सकाळी चहा पिऊन त्या हॉलमधल्या खुर्चीत पेपर घेऊन बसल्या होत्या. हे आंघोळ करून आले तर मान एका बाजूला पडलेली... विट्याहून बोईसरला पोचायला सगळी रात्र गेली. माझी वाट बघून ठेवलं होतं त्यांना. पहाटे तीन जिने चढून वर आले तर दारात चपलांचा ढीग, आत बायका बसलेल्या, आणि हॉल इतका गप्प की काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग कळलं की माशांच्या टाकीची मोटर बंद आहे. मयताच्या घरात ती घरघर बरी दिसत नाही म्हणून शेजारच्या कुणीतरी बटण बंद केलं होतं. मी वन्संच्या पायाशी बसायच्या आधी भिंतीपाशी गेले आणि बटण चालू केलं. पाणी हललं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं चूक नव्हतं. नणंद जमिनीवर ठेवलेली आणि ही बाई माशांचं बघते, असंच कुणालाही वाटलं असतं. आणि त्या टाकीवरून सर्वांत जास्त कटकट मीच केली होती, हे फक्त आमच्या ह्यांना ठाऊक होतं.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, विजया. त्यांनी लग्न केलं नाही. बी.एस्सी. होऊन, घरच्यांशी भांडून त्या एकट्या बोईसरला आल्या, तेव्हा तारापूरच्या वसाहतीत रोज एक नवी चिमणी उभी राहत होती. कुंभवलीच्या बाजूला एका केमिकल कंपनीत त्यांना लॅबमध्ये नोकरी लागली. एका खोलीत राहायच्या. पुढे धाकट्या भावाला बोलावून घेतलं, त्याच कंपनीत स्टोअरला चिकटवलं, आणि त्याचं लग्न करून दिलं. ती बायको म्हणजे मी. मी नवरी म्हणून आले ती त्यांच्या भाड्याच्या खोलीत, आणि नंतर फ्लॅट घेतला त्यातही निम्म्याहून जास्त पैसे त्यांचे. तेहेतीस वर्षं आम्ही दोघी एका ओट्यावर वावरलो. आमच्यात फार गोडवा होता असं म्हणणं खोटं ठरेल. त्या कमी बोलायच्या, मी जास्त बोलायची. त्यांना वास येत नसे. कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर नाकच मेलं होतं, दूध करपून काळं झालं तरी त्या शेजारी शांतपणे कांदा चिरत उभ्या असायच्या. मला त्याचाही राग यायचा. एवढं घर एका माणसाच्या जिवावर उभं असलं की त्या माणसाचा राग करायला कारणं शोधावी लागतात, आणि ती सापडतात.

निवृत्त झाल्यावर त्या तीर्थयात्रेला जातील, नाहीतर गावाकडे घर दुरुस्त करतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी आमच्या मुलीला पुण्यातल्या फ्लॅटसाठी कबूल केलेले पैसे दिले, आणि मग एक दिवस जेवताना म्हणाल्या, की मला खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे, प्रवाळाची. दोन फुटांची, छोटी. ह्यांनी विचारलं किती लागतील, तर म्हणाल्या चाळीस हजारांत होईल. विरारला एक दुकानदार होता, त्याच्याकडे त्या महिनाभर खेटे घालत होत्या म्हणे. मला वाटलं, होऊ दे, बाईचे स्वतःचे पैसे आहेत.

चाळीस हजारांत काहीच झालं नाही. काच आणि तिच्याखालचं कपाट, यातच चौदा गेले. दिवा अकरा हजारांचा. मी म्हटलं, वन्सं, आपल्या अख्ख्या घरातले दिवे तीन हजारांचे नाहीत. पण प्रवाळाला उन्हासारखा उजेड लागतो. पाण्यातला मळ फेस करून बाहेर काढणारं एक यंत्र, ते आठ हजारांचं. नळाचं पाणी चालत नाही म्हणून गाळायचं वेगळं मशीन बाथरूममध्ये आलं, आणि माझी बादली ठेवायची जागा गेली. नऊ हजारांचे दगड आले. दुकानदार म्हणत होता, समुद्रातला जिवंत दगड देतो, लवकर जमेल. वन्संनी कोरडाच घेतला, जास्त पैसे देऊन. तोडून आणलेलं काही नको, म्हणाल्या. मग परदेशी मिठाची बादली, सहा हजार. मीठ. आमच्या घरापासून समुद्र रिक्षाने अर्ध्या तासावर...

आणि एवढं सगळं झाल्यावर टाकीत दोन महिने काहीही नव्हतं. दगड, वाळू आणि पाणी. पाणी पिकावं लागतं, म्हणायच्या. येणारेजाणारे टाकीसमोर वाकून मासे शोधायचे आणि न सापडल्यावर माझ्याकडे बघायचे. मी सांगून सांगून थकले. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा मुरब्याहून हिरूबाई मासळी घेऊन यायची. वीस वर्षांची तिची-आमची ओळख. ती पाटी उतरवून टाकीसमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बघून तिने विचारलं, "आमचे गावाला खारा पानी फुकट हाय. तुमी मीठ इकत कशाला घेता, बाय?" मी हसले. वन्सं हसल्या नाहीत. तुमच्या पाण्यात गाळ फार आहे, असं काहीतरी पुटपुटल्या आणि पापलेटाचे पैसे आणायला आत गेल्या. हिरूबाईशी त्यांनी कधी घासाघीस केली नाही. ती सांगेल तो भाव द्यायच्या, वर सुटे परत घ्यायच्या नाहीत. हासुद्धा माझ्या रागाच्या यादीतला एक विषय होता.

मासे आले ते दोनच, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. मग हळूहळू मऊ प्रवाळ, बटणाएवढ्या फुलांचे झुबके, हिरवे आणि जांभळे. खोटं कशाला सांगू, बघत बसावं असं ते होतं. पण एप्रिल आला, आमचा तिसरा मजला, वर गच्ची. पाणी तापायला लागलं आणि वन्संनी ते थंड ठेवायचं यंत्र घेतलं, चिलर. अठ्ठावीस हजार. त्या दिवशी माझा तोल गेला. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं लांबत होतं. मी ह्यांच्या देखत म्हटलं, "एवढ्यात माझा एक गुडघा झाला असता."

वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला. "मग उद्याच जाऊ पालघरला डॉक्टरांकडे," म्हणाल्या. "पैशांसाठी थांबली होतीस हे मला माहीत नव्हतं, शोभा."

मी पैशांसाठी थांबलेच नव्हते. मला कापाकापीची भीती वाटत होती, अजून वाटते. त्यांनी आधीही दोनदा विचारलं होतं आणि मीच नको म्हटलं होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. तरी त्यांनी तसं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तयार होऊन बसल्या, आणि मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

त्यानंतर मी टाकीबद्दल बोलणं बंद केलं. मे महिन्यात एका शुक्रवारी, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते तशी सकाळीच गेली आणि दुपार झाली तरी आली नाही. इन्व्हर्टरवर एक पंखा चालतो, चिलर नाही. पाणी तापलं की त्यातली हवा संपते आणि मासे गुदमरतात. वन्सं स्टुलावर उभ्या राहून तांब्याने पाणी उचलून वरून सोडत होत्या, हवा मिसळावी म्हणून. त्रेसष्ट वर्षांची बाई, घामाने पाठ भिजलेली. मी थोडा वेळ बघितलं. मग फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या आणून टाकीत सोडल्या आणि दुसरा तांब्या घेतला. तासभर आम्ही आळीपाळीने पाणी ओतत होतो. बोलायला काहीच नव्हतं, म्हणून मी विचारलं, की वन्सं, एवढं कशासाठी?

त्यांनी तांब्या भरला, ओतला, पुन्हा भरला. मग सांगायला लागल्या ते ओतता ओतताच, माझ्याकडे न बघता. कंपनीतून जे पाणी बाहेर सोडायचे त्याची तपासणी त्यांच्याकडे होती. सकाळी नमुना घ्यायचा, तपासायचा, रजिस्टरमध्ये घाणीचा आकडा लिहायचा. आकडा अडीचशेच्या आत हवा असे. तो कधी सहाशे यायचा, कधी हजार. साहेब म्हणायचे, मॅडम, दोनशे तीस लिहा. पहिल्यांदा त्यांनी नाही म्हटलं. साहेब काही रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, की तुमचा भाऊ स्टोअरला अजून टेम्पररीच आहे ना?

"मग लिहिलं मी," वन्सं म्हणाल्या. "एकदा नाही. मी लिहायची ते त्या पाण्यात कधीच नसायचं."

मी कोणतं वर्ष ते विचारलं नाही. हे त्या कंपनीत पक्के झाले तेव्हा माझा सातवा महिना होता, आणि पेढे घेऊन आलेल्या वन्सं दारातच बसल्या होत्या, पाय दुखतात म्हणून. पेढा त्यांनी खाल्ला नव्हता. हे मला त्या स्टुलाशी, हातात तांब्या धरून आठवलं. ते पाणी ओढ्यातून खाडीला जायचं. खाडीत आता काही मिळत नाय, हे हिरूबाई वीस वर्षं आमच्या उंबऱ्यावर बसून सांगत होती, आणि वन्सं तिच्या हातात सुट्या पैशांसकट नोटा ठेवत होत्या.

वीज चारला आली. मासे वाचले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी फक्त रोज टाकीत गोडं पाणी घालायचं काम माझ्याकडे घेतलं. रोज चारेक तांबे पाणी उडून जातं. पहिल्यांदा मी खारं पाणी घालायला निघाले तर वन्संनी हात धरला. "मीठ उडत नाही, शोभा. मीठ तिथंच राहतं, पाणी तेवढं जातं." पुढची दीड वर्षं हे काम मी केलं. तेवढ्या वेळात आम्ही शेजारी उभ्या असायचो. मुलीचा फोन आला का, आज भाजी काय, एवढंच बोलणं. पण उभ्या असायचो.

दहाव्याला हिरूबाई आली. त्या दिवशी पाटी नव्हती. लुगडं बदलून, नातीला मागे बसवून गाडीवरून आली होती. फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "बाय माझ्याशी कदी भावाला भांडली नाय. असा गिऱ्हाईक मना मिळायचा नाय." माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी उठून तिला चहा दिला.

तेराव्यानंतर विरारचा दुकानदार आला. वन्संचा नंबर लागत नव्हता म्हणून त्याने चौकशी केली होती. मॅडम जैसा कस्टमर नहीं देखा, म्हणाला, आणि डोळे पुसले, ते मनापासून. मग सगळ्या सामानाचे मिळून तो अठरा हजार देतो म्हणाला, मासे-प्रवाळांसकट. लाखाच्या वर गेलेला आकडा मला तोंडपाठ होता, कारण मीच तो जपून ठेवला होता. ह्यांना देऊन टाकायचं होतं. आपल्याला कुठं झेपणार, म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. विजेचं बिल आहे, पाणी बदलायचं आहे, माझे गुडघे आहेत. मी दुकानदाराला म्हटलं, पुढच्या महिन्यात या. तो दोनदा येऊन गेला. दोन्हीदा मी तेच सांगितलं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ह्यांनी वाचून कागद खाली ठेवले. म्हणाले, बाकी सगळं लिही, ते आकड्यांचं कशाला? ताईचं नाव खराब होईल. कंपनी कधीच बंद पडली, शेडवर आता दुसरीच पाटी आहे, साहेब कुठं आहेत कुणाला माहीत. उरलं कोण, तर आपणच. मी म्हटलं, म्हणूनच. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, की मी पक्का झालो त्याची तारीख तू चुकीची धरली आहेस, तेव्हा तुझा आठवा होता. मग खुर्चीत बसून टाकीकडे बघत राहिले. आठवा असेल. त्यांचं लक्षात आहे, म्हणजे त्यांनीही ते मोजलेलं होतं.

टाकीचं कपाट उघडलं की दाराच्या आतल्या बाजूला वन्संनी लावलेला एक तक्ता आहे. दर रविवारी पाण्यातला मळ तपासून त्याचा आकडा त्या तिथं लिहायच्या. बारीक, तिरपं अक्षर, खाडाखोड एक नाही. त्या गेल्यापासून सगळ्या रविवारांच्या ओळी कोऱ्या गेल्या होत्या. या रविवारी मी चष्मा लावून तपासणीच्या डब्यातल्या चिठ्ठीवरच्या सूचना वाचल्या, इवल्याशा बाटलीत पाणी घेतलं, पूड टाकली, हलवलं, तीन मिनिटं थांबले. पाणी गुलाबी झालं. रंगाच्या कार्डाला लावून बघितलं तर दोन खुणांच्या मध्ये कुठंतरी येत होतं. ह्यांना खिडकीपाशी बोलावलं. ते म्हणाले, पंचवीस म्हण. मला पन्नासच्या जवळ दिसत होतं. पन्नास म्हणजे वाईट, म्हणजे पंचवीस लिटर पाणी काढायचं आणि नवीन करून घालायचं, तीन जिने चढण्याएवढंच ते काम. मी उजेडाकडे बाटली धरून पुन्हा एकदा बघितलं आणि वन्संच्या ओळीखाली पन्नास लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, चौकटीबाहेर गेलं. मग हे उठले, बाथरूममध्ये गेले आणि बादली भरायला लावली.