बांधावर म्हटलेलं 'येतो'

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही — बायकोपाशीसुद्धा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला माझ्याविषयी अजून चांगलं असं काही वाटत नाही.

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या डब्लिनहून दोनेक तास दक्षिणेला, ओहायोच्या टेकड्यांत, लोहदगडाच्या जुन्या खाणी आहेत. खाणी कसल्या — पाण्याने भरलेले खड्डे, आणि त्यांच्यामधून झाडीत शिरणारा मातीचा सपाट बांध. त्यावर एके काळी रूळ होते. खेचरं दगडाच्या गाड्या लोखंड गाळायच्या भट्टीपर्यंत ओढायची. माझ्या मित्राला, सुधाकरला, या सगळ्याचं वेड. नागपूरचा, भूगर्भशास्त्र शिकलेला. आम्ही या देशात बरोबर आलो आणि बरोबरच म्हातारे झालो. मी तसा तुसडा माणूस, पण त्याच्यासाठी जायचो.

त्या ऑक्टोबरात बांधावर बसून तो एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागला — खेचरांना म्हणे भट्टीची वाट पाठ असायची. तो नुकताच विसरायला लागला होता. मला ठाऊक होतं ते. मग डोकं का फिरलं? भीती वाटली? असेल. मी उठलो, "बरं, येतो मी," म्हणालो आणि चालू लागलो.

आपण निघताना "जातो" म्हणत नाही, रागातही नाही. मी तेवढ्याच अर्थाने म्हणालो होतो. गाडीत हीटर लावून बसलो. येईल झक मारत, म्हटलं. तासभर बसलो — चांगला तासभर.

शेवटी गेलो, तर तो बांधावर नव्हता. मला शोधायला निघाला होता. ओल्या पानांवरून घसरून एका खड्ड्याच्या काठाशी पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात मालतीवहिनींनी विचारलं. मी म्हणालो, बोलता बोलता कुठे निघून गेला, कळलंच नाही. सुधाकर कॉटवरून म्हणाला, "अगं नाही. हा येतो म्हणून गेला. मी वाट बघत होतो." वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, मनावर घेऊ नका. हल्ली काहीबाही बोलतात हे."

मी — मान हलवली.

त्याचं शेवटचं धड बोलणं असेल ते, आणि मी ते आजार ठरू दिलं. मुलीने डॉक्टरांना सांगितलं, बाबा भरकटतात, मनाने रचून सांगतात. वर्षभरात त्याला ठेवलं ते अशा जागी, जिथे कोड दाबल्याशिवाय दार उघडत नाही. आता सांगून काय होणार? त्याला मी कोण तेही कळत नाही.

अजून एक राहिलं. बांधावर मी पाठ फिरवली तेव्हा तो मागून काहीतरी म्हणाला होता. मी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, आणि तरी गाडीत जाऊन बसलो.

दर रविवारी भेटायला जातो. निघताना "येतो" म्हणवत नाही, म्हणून मुकाट्याने उठतो. तो मात्र सवयीने तेच म्हणतो, जे तेव्हा म्हणाला होता.

"ये. मी आहे इथेच."