डाव्या हाताने मारायचं हँडल

वडाळ्याच्या एका गोदामाच्या आगीत छपराचा लोखंडी तुकडा निखळून माझ्या डाव्या खांद्यावर आला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. ऑपरेशन झालं, पण हात काही पूर्वीसारखा उचलेना. आयुष्यभर आगीत शिरलेला फायरमन मी, मला ‘हलकं काम’ म्हणून वर्कशॉपमध्ये बसवलं.

तिथे अग्निशमन दलाचा जुना बंब होता. माझ्या वडिलांच्या जन्माच्याही आधीचा. दारं नाहीत, छप्पर नाही, बाजूला लाकडी शिडी, पुढे पितळी घंटा. उन्हाळ्यातल्या संचलनात तो न्यायचं ठरलं होतं. त्याचं इंजिन खोलून पुन्हा बसवलं होतं एका कॅथलिक फिटरने. निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. पण बंब सुरू करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, कारण हृदयाचा त्रास. या गाडीला चावी नाही. समोर हँडल घालून जोरात फिरवावं लागतं.

“मी मारतो,” म्हणत मी उजव्या हाताने हँडल धरलं.

अंकलनी माझं मनगट पकडलं. “उजवा नाय रे! इंजिन उलटा झटका देते. उजव्या हाताने मारशील तर मनगट जाणार. डाव्याने धर, खालून वर खेच. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. झटका आला तर हात सुटून जाईल.”

नेमका डावा! मी खेचून पाहिलं. अर्ध्यातच खांद्यातून अशी कळ गेली की मी तिथेच फरशीवर बसलो.

वर्कशॉपचे साहेब बघत होते. म्हणाले, “राहू दे. क्रेनला बांधून नेऊ. लोकांना काय कळतंय?”

“आपल्याला कळतं ना साहेब,” मी म्हणालो. “तो स्वतःच्या पायाने जाईल.”

बोलून तर बसलो. फिजिओने दिलेला रबरी पट्टा घरी कपाटात पडून होता. तो त्याच संध्याकाळी काढला. बायको एक टोक धरून उभी राहायची, मी दुसरं खेचायचो. दुखलं की ती पट्टा सैल सोडायची आणि मी ओरडायचो, “सोडू नकोस!” आई चिंचपोकळीहून आली की कपाळावर हात मारायची. “हात मोडलो, तरी तुझी हौस काय फिटना नाय!”

वर्कशॉपमध्ये रोज प्रयत्न चालू होता. एका सकाळी खांदा ठणकत असतानाच हँडल पुरतं वर आलं, इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. निळा धूर सगळीकडे भरला. अंकलनी बॉनेटवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने छातीवर क्रूस काढला. डोळ्यांत पाणी होतं, म्हणाले, धुराने.

संचलनाच्या दिवशी परळहून निघालो. लालबागच्या सिग्नलला बंब बंद पडला. मागे बसचे हॉर्न, बाइकवाल्यांचे मोबाइल वर. ड्रायव्हर म्हणाला, “धक्का मारायचा का?”

मी उतरलो. पहिल्याच खेचीला उलटा झटका आला आणि हात बाजूला फेकला गेला. मनगट शाबूत. खांद्यात मात्र आग पेटली. पुन्हा धरलं, दात आवळून खेचलं. बंब सुरू झाला. वर बसलेल्या अंकलनी घंटा अशी बडवली की सिग्नलवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

पुढे मेडिकल झालं. डॉक्टरांनी हात नीट तपासला आणि स्पष्ट सांगितलं, “शिडीवर चढणं आता नाही.” मग पंप चालवायचं ट्रेनिंग मागितलं, परीक्षा दिली, पास झालो.

आता आगीच्या ठिकाणी मी खाली, गाडीपाशी असतो. परवा फणसवाडीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली. वरून आमच्यातला नवा पोरगा वॉकीटॉकीवर ओरडला, “प्रेशर वाढवा!” मी वाढवलं, आणि आग विझत आली, धूर काळ्याचा पांढरा झाला, असं वरून कळेपर्यंत काट्यावरची नजर हलवली नाही.