मामाजींचं फाटक

रेल्वेची भाकर खाऊन बैलगाडीची बाजू घेणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. यवतमाळकडच्या आमच्या छोट्या रेल्वेला फाटकावर वेगळा माणूस नसे. गाडीच अलीकडे थांबायची, मामाजी डब्यातून उतरून सडकेवर फाटक लावायचे, गाडी पलीकडे जाऊन उभी राहायची, मग हे फाटक उघडून धापा टाकत पुन्हा चढायचे. तेवढ्यात निम्मे उतारू चहा पिऊन घेत. कापसाचे भाव रोज पडत होते त्या वर्षांत सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे लवकर पोचायची प्रत्येक गाडीवानाला घाई. बैलगाड्यांची रांग दिसली की मामाजी ते फिरतं फाटक सडकेऐवजी सरळ रुळांवर आडवं करायचे आणि रेल्वे शिट्ट्या मारत उभी! ड्रायव्हर ओरडला की यांचं उत्तर तयार : "बोंबलून कायले राह्यला बे? तुह्ये लोक बसून हायेत, बैलाच्या मानीवर जू हाय!" साहेबांनी कागद पाठवून जाब विचारला, तर मामाजींनी त्या कागदावर चिवडा खाल्ला असं मामी सांगतात. मला ते अजिबात खोटं वाटत नाही.

पुढे ती रेल्वेच बंद झाली, रूळ गेले आणि त्या जागी लाल मुरूम टाकून लोकांना फिरायला वाट झाली; फाटक तेवढं राहिलं. बाकं आली, पांढरे बूट घातलेले डॉक्टर-वकील आले. आणि निवृत्त मामाजी रोज सकाळी इस्त्रीचा खाकी शर्ट घालून फाटकावर हजर! कापसाची गाडी दिसली की फाटक वाटेवर आडवं. एक वकीलसाहेब चिडले, "अहो, मला छातीचे ठोके मोजायचे आहेत." मामाजी म्हणाले, "मंग मोजा ना उभ्या उभ्या!"

अशा तक्रारींवरून त्या वाटेची देखरेख करणाऱ्या समितीनं फाटक काढायचं ठरवलं. मामाजींना अन्न गोड लागेना. "जवाईबापू, मले येक अर्ज लिहून द्या. तेवढं फाटक राहू द्या म्हणा." जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस! मी अर्ज लिहिला, चकरा मारल्या, आणि नवल म्हणजे समितीनं ऐकलं. जुनी आठवण म्हणून फाटक राहणार होतं. मामाजींनी गल्लीभर पेढे वाटले.

रंगरंगोटी झाली त्या सकाळी मला मुद्दाम नेलं. कापसाची एक गाडी येतच होती. मामाजींनी ऐटीत फाटकाला रेटा दिला. हललं नाही. पुन्हा दिला. मी वाकून पाहिलं, तर कुणाला लागू नये म्हणून फाटक कडेला लावून बिजागऱ्या वेल्डिंग करून टाकलेल्या. फिरणारे कुणी थांबले नाहीत. गाडीवानानंच कासरा ओढला आणि फिरणारे जाईपर्यंत बैल उभे राहिले.

"राहू द्या जवाईबापू," मामाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रंग मात्र झाक देला त्याह्यनं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अर्जात मी फाटक मागितलं होतं. ते लावू-उघडू द्या, हे लिहायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.