चिमणाबाईचे चार तास

खैरनार सरांनी मुलाखतीत सविता भोयेला एकच प्रश्न विचारला. "डोंगरातली बोली येते ना अजून? की नाशिकला येऊन विसरलीस?"

"येते सर," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. हे २००३ सालचं. सुरगाण्याकडच्या मोहपाड्याची ही कोकणा मुलगी आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला वसतिगृहात राहून बी.ए. झाली. धनराज खैरनार निवृत्त प्राध्यापक. गंगापूर रोडला दोन खोल्यांत त्यांनी 'डोंगरबोली संग्रह' नावाची संस्था काढली होती. पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी, कहाण्या, औषधपाण्याची माहिती टेपवर घ्यायची आणि कॉम्प्युटरमध्ये साठवायची, असं काम. टेप घेऊन डोंगर चढायची सविता. कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सविता. सभांमध्ये बोलायचे सर.

कॉम्प्युटर हनीफने जोडून दिला होता. भद्रकालीत त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याने मशीनवर लिनक्स टाकलं, कारण ते फुकट होतं आणि सरांना तेवढंच ऐकायचं होतं. डिस्क चाळीस जीबीची. डिस्क एकच असली तरी तिच्यात आतून खोल्या पाडतात, त्याला पार्टिशन म्हणतात. एक खोली मशीनच्या स्वतःच्या सामानाला, एक माणसाच्या कामाला. हनीफने सविताला तिची खोली दाखवली, पाच-सहा कमांड कागदावर लिहून दिल्या आणि म्हणाला, "ताई, ही एक ओळ रोज टाकून बघायची. जागा किती उरली ते सांगेल." डीएफ, मग स्लॅश, मग होम. सविता रोज सकाळी आल्या आल्या ती ओळ टाकायची, आणि तिच्या खोलीतली जागा पडद्यावर यायची. दहा जीबी. एक तासाच्या आवाजाला सहाशे एमबी लागायचे. म्हणजे सोळा-सतरा तास मावतील, असा हिशेब तिने पहिल्याच आठवड्यात केला आणि सरांना सांगितला.

"पुढचं पुढे बघू," सर म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती मोहपाड्याला गेली आणि चिमणाबाईसमोर टेप लावला. चिमणाबाई पाड्याची सुईण. पंचेचाळीस वर्षं आजूबाजूच्या सात पाड्यांवरची बाळंतपणं तिने केली होती. अक्षर एक येत नव्हतं, पण तिच्या हातात आलेलं प्रत्येक मूल तिला पाठ होतं. कोणाचं, कोणत्या घरात, पाऊस होता की नागली कापणीला आलेली, मूल जगलं की गेलं. जे दोन दिवस जगलं त्यालाही तिने नाव ठेवलेलं असायचं, कारण बिननावाचं मूल पुरायचं नाही असा तिचा हट्ट होता. ती नावं आईला आणि तिलाच ठाऊक. चिमणाबाई अंगणात पाय पसरून बसली आणि एकापाठोपाठ एक सांगत सुटली. मध्ये दोनदा पाणी प्यायली. चार तास झाले तेव्हा सविताजवळच्या कॅसेटी संपल्या आणि म्हातारीची नावंही.

त्यात सविताही होती. चिमणाबाईने तिच्या तोंडाकडे न बघता सांगितलं, "सोमा भोयाच्या घरी जुळं. आधी पोरगी, मागून पोरगा. पोरगा रात नाय निघाला. सोमा भायेर बसलेला. त्याला सांगितलं तं म्हणला, उलटं झालं असतं तं बरं व्हतं."

आपल्याला जुळा भाऊ होता हे सविताला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बापाने काय म्हटलं तेही. चिमणाबाईने त्या पोराचं नावही सांगितलं, पण सविता बापाच्या वाक्यातच अडकलेली, ते तिच्या कानावरून गेलं. म्हातारी पुढच्या घरावर गेली.

नाशिकला परत येऊन सविताने चारही तास मशीनवर चढवले. ऐकत ऐकतच चढवावं लागायचं. टेप वाजेल तेवढा वेळ बसायचं. सोमा भोयाचं नाव आलं तेव्हा तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून आवाज बारीक येतच राहिला.

रिकाम्या झालेल्या कॅसेटी पुन्हा वापरायच्या, हा सरांचा नियम. "आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं? मग नव्या कशाला?" चिमणाबाईच्या कॅसेटींवर पुढच्या महिन्यात पेठकडच्या एका भगताचे मंत्र भरले गेले. मशीनला सीडी लिहिण्याची सोय नव्हती. फ्लॉपीत दोन वाक्यंसुद्धा मावली नसती.

फेब्रुवारीत जागा संपली. नेमक्या त्याच आठवड्यात सर चार सीडी घेऊन आले. पुण्यात त्यांचा सत्कार झाला होता, त्याचं चित्रीकरण होतं. शुक्रवारी मदत देणाऱ्या मंडळींची समिती यायची होती, तिला ते मध्ये सीडी न बदलता कॉम्प्युटरवर सलग दाखवायचं होतं.

"सर, मावत नाही. अडीचेक जीबी पाहिजे."

"मग काढ काहीतरी."

"कोणाचं काढू?"

सर चष्मा पुसत होते. "जे मेलेत त्यांचं काढ आधी. त्यांना काय कळणार आहे?" आणि स्वतःच हसले.

सविता हसली नाही. तिने टेपवर घेतलेल्यांपैकी तीन म्हातारी माणसं तोपर्यंत वारली होती. ती मशीनसमोर बसून राहिली. मेलेल्यांचं काढलं तर ते परत कुठून आणायचं? जिवंत माणसाकडे पुन्हा जाता येतं. हा विचार सरळ होता आणि तिला तो पटला. जिवंतांपैकी कोण? चिमणाबाई. आपल्याच पाड्यावरची, मे महिन्यात गेलो की पुन्हा बसवू. शिवाय एकटीचेच चार तास. एकदा काढले की बाकी कोणाला हात लावायला नको.

एवढं ती स्वतःला सांगू शकत होती. राहिलेलं तिने कोणालाच कधी सांगितलं नाही. त्या चार तासांत एक वाक्य होतं, ते या ऑफिसात, या मशीनवर, उद्या कोणीही हेडफोन लावून ऐकेल अशा जागी असावं असं तिला वाटत नव्हतं. चिमणाबाईचं निवडताना हात जरा लवकर उठला तो त्यामुळे.

पुसायची कमांड दोन अक्षरांची. हे मशीन पुसताना विचारत नाही. तिने एंटर मारलं, पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकला. झालं. लगेच सरांचा सत्कार चढवला. शुक्रवारी समितीने तो चहा पीत पाहिला.

मार्चअखेरीस मशीनचा पंखा आवाज करायला लागला म्हणून हनीफला बोलावलं. पंखा बदलून झाल्यावर सहज म्हणून सविताने विचारलं, "हनीफभाई, माझी जागा वाढवता नाही का येणार? सगळं भरलंय. मला एकीचं काढून टाकावं लागलं."

"भरलंय? कसं भरेल एवढ्यात?" हनीफ खुर्चीवर बसला. त्याने डीएफ टाईप केलं आणि पुढे काहीच न लिहिता एंटर मारलं. एका ओळीऐवजी चार-पाच ओळी आल्या. त्याने बोट ठेवलं. "हे बघा. मशीनच्या खोलीला अठ्ठावीस दिलेत. वापरलेत चार. चोवीस जीबी रिकामे पडलेत, ताई."

सविताने पडद्यावरचे आकडे स्वतः वाचून पाहिले.

"चूक माझीच म्हणा," हनीफ म्हणाला. "मोठी खोली मी भलतीकडे दिली. पण पार्टिशन मोडायचीही गरज नव्हती. तिकडे एक फोल्डर करायचा आणि इकडून त्याला जोडून द्यायचा. दोन मिनिटांचं काम. फोन करायचा ना."

"मला तुम्ही ती एकच ओळ लिहून दिली होती."

"हां, घाबरून जाऊ नये म्हणून छोटी दिली." त्याने दोन मिनिटांत फोल्डर केला, जोडला. चोवीस जीबी सविताच्या हाताशी आले. चाळीस तासांची जागा.

"पुसलेलं परत आणता येतं का?"

"त्याच्यानंतर त्या जागेवर काही लिहिलं?"

"सरांचा सत्कार."

हनीफने नाही म्हणून मान हलवली आणि पेचकस पिशवीत टाकला.

मे महिन्यापर्यंत ती थांबली नाही. त्याच शनिवारी जुन्या स्टँडवरून सुरगाण्याची गाडी धरली. दिंडोरी गेली, वणी गेली, घाट लागला; पिशवीत तिने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कोऱ्या कॅसेटी होत्या. पाड्यावर पोचल्यावर घरी न जाता ती तडक चिमणाबाईकडे गेली.

चिमणाबाई अंगणातच होती. खाटेवर, भिंतीला टेकवून बसवलेली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात मांडीवर पडला होता. होळीच्या आदल्या आठवड्यात लकवा मारला होता. डोळे मात्र होते तसेच होते. तिने सविताला ओळखलं, टेपही ओळखला. डावा हात उचलून घशातून एक लांब आवाज काढला. शब्द त्यात एकही नव्हता.

शेजारची अंबूबाई तिला पेज भरवत होती. "सविता, तू टेप कशाला आणला गं? तिचं तं तू नेलं ना मागल्या टायमाला?"

सविताला तेव्हा खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "अंबूमावशी, ते पुसलं गेलं."

"पुसलं म्हंजी?"

"मशीनमध्ये जागा नव्हती."

अंबूबाईने वाटी खाली ठेवली. तिचं तिसरं मूल दोन दिवसांचं होऊन गेलं होतं. "माझ्या पोराचं नाव व्हतं त्याच्यात."

"हो."

"तेबी पुसलं?"

"हो मावशी. तुम्ही सांगा, मी आता लगेच भरून घेते. ज्या ज्या आयांना आठवतंय त्यांचं तरी घेऊ." सविताने घाईघाईने टेप उघडला, कॅसेट घातली.

"मी नाय सांगायची," अंबूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तिनं सांगितलं तं तू पुसलं. मी सांगेन, मग उद्या तुला आणिक जागा कमी पडल. माझ्याजवळ हाय तेवढं ऱ्हाऊ दे."

बातमी संध्याकाळच्या आत सात पाड्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी सविता घरोघर फिरली. कोणी पाणी दिलं, कोणी तेही दिलं नाही. नाव कोणीच दिलं नाही. तिच्या स्वतःच्या आईला तिने चुलीपाशी बसून विचारलं, "माझ्यामागून आलेल्या पोराचं नाव काय होतं?" आई लाकूड आत सारत म्हणाली, "कोण पोर?" सविताने पुन्हा विचारलं नाही. निघताना ती चिमणाबाईच्या अंगणावरून गेली, तेव्हा म्हातारीने डावा हात पुन्हा उचलला. सविता थांबली नाही.

दोन वर्षांनी संस्थेने पुस्तक काढायचं ठरवलं. कोणत्या पाड्यावर कोणाकडून काय मिळालं याची यादी मागे जोडायची होती. ती सविताने टाईप केली. मोहपाड्यापाशी आल्यावर सरांनी विचारलं, "अगं, ती सुईण होती ना? समितीला मी तिच्याबद्दल सांगितलं होतं. ते रेकॉर्डिंग कुठे आहे?"

सरांना ती सांगू शकली असती की तुमच्या सत्कारासाठी जागा केली. त्यांनीच काढायला सांगितलं होतं. पण सरांनी चूक कोणाच्या नावावर टाकली असती हे तिला नीट माहीत होतं, आणि नोकरी तिला हवी होती. खोलीचं भाडं होतं, लग्न ठरत होतं.

"तिने सांगितलंच नाही सर," सविता म्हणाली. "ऐन वेळी नाही म्हणाली."

"असतात अशी माणसं. लिहून टाक तसं."

तिने लिहिलं: 'चिमणाबाई, सुईण, मोहपाडा. माहिती देण्यास नकार.' मग वर जाऊन संकलक म्हणून स्वतःचं नाव तपासलं, वेलांटी बरोबर आहे की नाही ते बघितलं.

पुस्तकाची एक प्रत तिच्या धाकट्या भावाला गेली. हिरामण पाड्यावरच्या वस्तीशाळेत शिकवायचा. बहिणीचं नाव छापून आलंय या आनंदात त्याने रविवारी माणसं जमवली आणि मारुतीच्या ओट्यावर बसून पुस्तकातलं मोहपाड्याचं पान मोठ्याने वाचलं. चिमणाबाईलाही खाटेसकट उचलून आणलं होतं, कारण तिचंही नाव त्यात होतं, एवढंच त्याने आधी पाहिलं होतं.

त्याने संध्याकाळी सुरगाण्याहून सविताला फोन केला.

"तुला ठाऊक होतं ना," तो म्हणाला, "तिला बोलता येत नसलं तरी ऐकायला येतं?"

"हो."

"शब्द तोंडातून गेल्यावर कळलं मला, काय वाचलं ते. तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. ती रडली नाय. हात उचलला आणि तुझ्या घराकडं दाखवला, आपल्या घराकडं. सगळ्यांनी तिकडं बघितलं. आई दारात उभी होती."

एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

चिमणाबाई त्या पावसाळ्यात गेली. सविताला कोणी कळवलं नाही. वणीच्या एका ओळखीच्या माणसाकडून तिला पंधरा दिवसांनी समजलं. तोपर्यंत तिचं लग्न होऊन ती सिडकोत राहायला गेली होती. संस्थेतली नोकरी तिने पुढे आणखी पाच वर्षं केली. नवीन आलेल्या मुलींना लिनक्स तीच शिकवायची, आणि जागा बघायची कमांड शिकवताना डीएफच्या पुढे काही जोडू नका म्हणून बजावायची. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "अर्धंच दिसतं."