हाकेला ओ

लग्नानंतरचे पाच महिने माझ्या आईनं माझ्या बायकोच्या हाकेला एकदाही ओ दिली नाही. बायको मदुराईकडची, आम्ही वेल्ह्यातल्या पासलीचे. नोकरी दोघांची पुण्यात, शनिवार-रविवारी गावी. ती दारातून "आई" अशी हाक मारायची आणि आई चुलीपुढं तशीच बसून राहायची. जेवायला मात्र आधी तिलाच वाढायची, भाकरीवर तूपही जास्तच घालायची.

परतीच्या वाटेवर बायको रडायची. "मी परकी, म्हणूनच ना?" मी तर सरळ आईशी भांडलो. ती म्हणाली, "आई म्हनाया ती काय माज्या पोटची हाय? उगं तोंडदेखलं." मला वाटलं, घोडं जातीवर अडलंय. रागानं मी दोन आठवडे गावाकडं फिरकलो नाही.

खरं तर सगळा घोळ माझाच होता. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात, सासऱ्याला मामा. पण भोरला शिकायला असताना नोकरदारांच्या घरांतल्या सुनांच्या तोंडी आई-बाबा ऐकलं आणि आपलं आत्या-मामा मला गावंढळ वाटायला लागलं. बायकोला मी बजावून ठेवलं होतं, आमच्यात आई-बाबाच म्हणतात.

दिवाळीनंतर माझे सासू-सासरे मदुराईहून पासलीला आले. तेही भातशेतीवालेच. खळ्यावर झोडणी चालू होती. कुणी न सांगता सासऱ्यांनी पेंढी उचलली आणि झोडायला सुरुवात केली. वडील जाम खूश झाले. आई आणि सासूबाई सावलीत चहा घेत बसल्या, मध्ये दुभाषी म्हणून बायको.

आईनं तिला सांगितलं, "इचार त्यास्नी, त्या त्यांच्या सासूला काय म्हनायच्या?"

सासूबाईंना प्रश्न कळला तशा त्या हसल्या. "अत्तै," त्या म्हणाल्या. "आणि सासऱ्यांना मामा," बायकोनं पुढचं सांगितलं.

आईनं कप खाली ठेवला. "आत्या? आन् मामा?"

"हो. आमच्याकडं आत्याच्या घरात मुलगी देतात ना, म्हणून."

"आमच्यात बी त्येच की! मग हितं येऊन आई-आई कुनी शिकवलं तुला?"

बायकोनं माझ्याकडं बोट केलं.

मला खळ्यावरच्या पेंढ्यांत शिरावंसं वाटलं. आई माझ्याकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "आन् म्या समजले, पोरीला आमचं नातंच नगं हाय. रीतीनं हाक मारंना, म्हनून म्या बोलंना. पाच म्हयने, मुडद्या!"

शिव्या खात मी कप गोळा करायला लागलो.

बायको उठली. पदर-बिदर काही नाही, जीन्सवर भाताचं तूस, केसांत पेंढा. दोन पावलांवर बसलेल्या माझ्या आईला तिनं डोंगरापलीकडं ऐकू जाईल अशी हाक मारली. "अत्तैऽ!"

"ओऽ!" आईचा आवाज तिच्याहून चढा. झोडणारे हात थांबले. पाच महिन्यांत मला इतका आनंद झाला नव्हता. मी हरलो होतो आणि मला नाचावंसं वाटत होतं.

"काय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"मग मार आनिक एकदा," आई म्हणाली.