मागच्या दाराने गेलेली माणसं

"कोणाला मारायचं नाही, मेट. कालगुर्लीला पाठवून द्यायचं."

असं म्हणताना आजोबा तळहाताने हवेतलं एक दार हळूच ढकलायचे आणि ते मिटेपर्यंत थांबायचे. दार तिथे नसायचं. पण तुम्ही समोर असतात तर तुम्हीही थांबला असतात. मी थांबायचे.

मी त्यांची कोणी नाही. सिडनीत शिकताना वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका एजन्सीत काम करायचे, आणि टूनगॅबी उपनगरातल्या त्यांच्या घरी माझी दुपार ते दिवेलागणीची शिफ्ट असायची. चहा, औषधं, थोडा स्वयंपाक. ते मला 'मेट' म्हणायचे, म्हणजे दोस्त. इथल्या रीतीने मलाही त्यांना नावाने हाक मारावी लागे, पण जीभ अडखळायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने बोलावते हे आईला कळलं असतं, तर तिने फोनवरूनच कान धरला असता. म्हणून मनातल्या मनात आजोबा.

ते पटकथा लिहायचे. तरुणपणी वेस्टर्न सिनेमे: घोडे, बंदुका, लाल धूळ, सोन्यामागे धावणारी माणसं. पुढे टीव्हीवरची एक मालिका, वर्षानुवर्षं चाललेली. दोन्हींत सोपं काय, असं मी एकदा विचारलं.

"वेस्टर्न. घोड्याला संवाद लागत नाहीत." मग म्हणाले, "आणि तिथे माणूस क्षितिजापलीकडे गेला की सिनेमा संपतो. मालिकेत सोमवारी लोक विचारतात, तो कुठे गेला?"

म्हणून कालगुर्ली. एखाद्या नटाने मालिका सोडली, की त्याचं पात्र तिकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, सोन्याच्या खाणीच्या गावी निघून जायचं. इतक्या लांब, की कोणी चौकशीला जाणार नाही. दारूचं दुकान चालवणारा गेला, नर्स गेली, पाद्री गेला.

ब्लॅकटाउनला माझी रूममेट होती मृणाल, पुण्याची, आयटीवाली. तिला हे सांगितलं तर ती हसत सुटली. "अगं, माझा चुलतभाऊ तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. विचारू का त्याला, सिरियलमधली जनता नीट पोचली का?"

मीही हसले. पण मृणालने ते मागचं दार पाहिलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून परसात उघडणारं जाळीचं दार. कोणाला मालिकेतून घालवायचं असलं, की आजोबा त्या नटाला घरी बोलवायचे. त्याने शेवटचं वाक्य म्हणायचं आणि त्या दाराने बाहेर जायचं. मागे दार आपटल्याचा आवाज आला, की मगच ते सीन लिहायला बसायचे. "कागदावरून कोणी जात नाही, मेट. माणूस दारातूनच जातो." त्या दाराला त्यांनी कधी कडी लावू दिली नाही.

वारा नसलेल्या दुपारीही ते कधीकधी आपटायचं. मी दचकायचे. आजोबा मान वर न करता म्हणायचे, "पाद्री. त्याला हळू लावताच येत नाही."

स्प्रिंग खराब असेल, असं मी मनाला सांगितलं. एकदा स्टुलावर चढून पाहिली. स्प्रिंग चांगली होती.

त्यांची बायको मालिकेत बेकरीवालीचं काम करायची. ती आजारी पडली, तेव्हा त्यांनी तिलाही कालगुर्लीला पाठवलं. "डॉक्टरांनी मला खरं काय ते सांगितलं होतं. मी तिला वाक्य दिलं, 'पाव भट्टीत आहे, लक्ष ठेवा.' ती म्हणाली आणि या दाराने गेली. नंतर हॉस्पिटल."

तिची परत येण्याची गोष्ट त्यांना लिहायची होती. एकच सीन. मालिका कधीच बंद झाली होती, कोणी ते दाखवणार नव्हतं. पण त्यांची स्मृती हळूहळू चालली होती. कधी ते मलाच विचारायचे, आपण काय लिहितोय? मी सांगायचे. मग माझा हात धरून म्हणायचे, "ती जाण्याआधी हे होऊ दे." आठवणीतून जाण्याआधी, असं त्यांना म्हणायचं असे.

ते सांगायचे, मी लॅपटॉपवर उतरवायचे. मग परसात जाऊन जाळीच्या दाराने आत यायचं आणि तिची वाक्यं वाचायची. दर वेळी ते हात वर करायचे. "नाही. ती येत नाहीये. तू येतेयस."

एका संध्याकाळी दिवे लावताना, घरच्या सवयीने, मी ते मागचं दार लावून कडी घातली आणि पुढचं सताड उघडलं.

"कोणी लावलं ते?" आजोबा उभे राहिले होते. "ते सगळे बाहेर आहेत!"

"सॉरी. आमच्याकडे तिन्हीसांजेला मागचं दार लावतात आणि पुढचं उघडतात. लक्ष्मी पुढून येते ना. मागून निघून जाऊ नये म्हणून."

"लक्ष्मी कोण?"

"देवी. घरात यावी अशी."

"ती आली हे कळतं कसं?"

"कळत नाही. आपण दार उघडं ठेवायचं."

ते पुढच्या दाराकडे वळले. "म्हणजे मी इतकी वर्षं तिला चुकीच्या दाराने बोलावत होतो."

त्या संध्याकाळी ते न अडखळता बोलत गेले आणि सीन पुरा झाला. मग त्यांनी खुर्ची पुढच्या दाराकडे वळवून घेतली. तिच्या संवादांचे कागद माझ्या हातात देऊन मला पायऱ्यांवर पाठवलं. "हाक मारली की ये."

बाहेर वटवाघळांचा थवा ओढ्याच्या दिशेने चालला होता. आतून त्यांचं पहिलं वाक्य ऐकू आलं. मग शांतता, बरोबर तिच्या वाक्याएवढी. माझं चुकलं की काय म्हणून मी घाईने कागद पाहिला. पण हाक आली नव्हती. त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं. पुन्हा तशीच शांतता. मग ते हसले. कागदावर तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, "ते राहू दे. आधी बस." हेही कागदावर नव्हतं.

मी एक शब्द बोलले नाही. आतही गेले नाही.

शेवटी हाक आली. मी गेले तेव्हा आजोबांचा चेहरा उजळलेला होता.

"छान केलंस, मेट. दुसरं वाक्य जरा घाईत घेतलंस. पण छान."

मी काही बोलले नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "पुढच्या वेळी सावकाश घेईन."

"पुढची वेळ कशाला? झाला सीन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टच्या मुलीला ते त्याच खुर्चीत सापडले. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. एजन्सीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी आणि मृणाल चहा घेत होतो. तिला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. बाईंनी नेहमीचं विचारलं. जेवले होते का? औषध घेतलं होतं का?

"अजून एक. शेजारचे म्हणतात, काल संध्याकाळी आतून एका बाईचा आवाज येत होता. बराच वेळ बोलत होती. घरात दुसरं कोणी होतं का?"

फोन स्पीकरवर होता. मृणाल माझ्याकडे बघत राहिली.

"मीच होते," मी म्हणाले. "संवाद वाचत होते."