न फुटणारा आकडा

भागाकाऱ्याला खरं नाव होतं, पण कारखान्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आकडा दिसला की त्याला कशाने भाग जातो ते बघायचं, ही त्याची खोड. आणि त्याच्या पत्रा कापायच्या मशीनवर, ऐन नाकासमोर, नंबराचा बिल्ला ठोकलेला: ७३९३९१३३. दोनाने नाही, तिनाने नाही, सातानेही नाही. वर्षभर तो पत्र्यावर खडूने भागाकार मांडत राहिला.

आता गंमत बघा. मशीनला दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असले तरच पातं खाली यायचं, म्हणजे बोटं शाबूत. पण मग खडू धरायचा कशाने? या दीडशहाण्याने उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली आणि उजवा हात मोकळा केला. पात्याने करंगळी नेली. रक्ताची चिळकांडी उडाली तर मुकादम ओरडतो काय, "आधी पत्रा पूस!"

तो आकडा शेवटपर्यंत कशानेच फुटला नाही. करंगळी गेली तसा दवाखान्यात त्याने मनातल्या मनात आकड्याचाही शेवटचा अंक पुसला. ७३९३९१३. तोही फुटेना! पुढच्या वर्षी त्याच हाताचं दुसरं बोट गेलं, आणखी एक अंक पुसला. तेच. शेवटून एकेक कापत थेट सातापर्यंत या, तेच.

"कापा लेको किती कापायचं ते," तो छाती काढून म्हणायचा, "मी फुटायचा नाही!"

मुकादमाला मात्र पाचर भलतीच आवडली. एक हात मोकळा, काम दुप्पट. सगळ्या मशीनांना पाचरी बसल्या.

मग धाकटी बहीण त्याच्याच मशीनवर लागली. आईबापांमागे त्यानेच वाढवलेली. थोट्या हाताच्या भावाच्या सदऱ्याची बटणं रोज तीच लावायची. पोरगी डावखुरी, म्हणून तिची पाचर डावीकडे.

"तिची पाचर काढा," तो मुकादमाच्या मागे लागला.

"काढू की, घाई काय?"

बहिणीलाही सांगितलं. ती हसली. "दादा, तू नाही का ठोकलीस?"

बुधवारी पात्याने तिची डाव्या हाताची चारही बोटं एका दमात नेली.

तिला गाडीत घातलं आणि हा घण उचलून मुकादमावर धावला. घणाच्या दांड्याच्या पहिल्या तडाख्यात दोन दात, दुसऱ्यात नाक. "सांगितलं होतं ना तुला, हरामखोरा!"

मुकादम रक्त थुंकत म्हणाला, "पाचर कुणाच्या टाळक्यातून निघाली रे?"

उगारलेला हात थांबला. खरंच होतं ते. मग तो मशीनकडे वळला. बटणं, पाचर, पातं, जे हाती लागेल ते ठेचत सुटला. एक घाव बिल्ल्यावर बसला आणि डावा कोपरा सातासकट उडाला. उरलं ३९३९१३३.

डावीकडून त्याने कधी कापून बघितलंच नव्हतं. सवयीने ओठ हलले. अकराने भाग गेला. बाकी शून्य.

"फुटलो गं बाई," एवढंच तो म्हणाला, आणि पत्र्यांच्या ढिगावर बसून ढसाढसा रडला.